दिवा लागला नाही, म्हणजे सगळं ठीक?

आमच्या गावाचं नाव आंधळगाव. नवीन पाहुणा आला की त्याला हमखास विनोद सुचतो, ‘काय हो, इथे सगळे आंधळेच का?’ लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे ऐकतेय. माझं उत्तरही ठरलेलं असतं. ‘आमच्या कोष्ट्यांच्या मागावरची कोशाची साडी हातात घेऊन बघा, मग सांगा आंधळं कोण ते!’ एक धागा तुटला तरी ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, अशा बायका या गावात आहेत.

पण गेल्या वर्षी असं काही घडलं की तो विनोद पहिल्यांदाच मनाला लागला. नखाएवढ्या एका दिव्याने आम्हा अकरा जणींना सहा महिने फसवलं. दिवा लागला म्हणून नव्हे हं, लागला नाही म्हणून!

झालं काय, आमच्या बचत गटाने एक गाडी घेतली. साड्यांची गाठोडी घेऊन एसटीने नागपूरला जायचं म्हणजे केवढी दमछाक! पावसाळ्यात तर कोसा भिजायची धास्ती. शिवाय अडीनडीला गावातली बाळंतीण भंडाऱ्याला न्यायची तर दारोदार गाडी मागत फिरावं लागायचं. मग काय, गटाची शिल्लक काढली, थोडं कर्ज घेतलं आणि शहरातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून २०१७ सालची पेट्रोलवरची व्हॅन आणली. आम्ही कागद पाहिले, टायर पाहिले, रंग पाहिला, पीयूसीची पावतीही पाहिली. मोहाडीला चौंडेश्वरीच्या देवळासमोर नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. माझा भाचा चालवायला. आता कसली काळजी?

पहिला महिना बरा गेला. मग गाडी उभ्या-उभ्या थरथरायला लागली. चढावर दम टाकायची. पेट्रोल जास्त प्यायची. आमच्यातली एक मावशी नेहमी मागच्या सीटवर बसते. चाळीस वर्षं मागावर बसलेली बाई. शाळा चौथीपर्यंत. तिने दुसऱ्याच फेरीला सांगितलं, “बाई, हे गाडी चौथा ठोका चुकून राहिली.”

भाचा हसला. म्हणाला, “मावशी, आताच्या गाडीत कॉम्प्युटर असते. काही बिघडलं असतं तर समोर लाईट लागली असती ना!”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. बी.ए. झालेली, सभांमधून भाषणं करणारी मी, मलाही वाटलं की कॉम्प्युटरपुढे मावशीच्या कानाचं काय चालणार?

त्यानंतर तीन मिस्त्री झाले. एकाने प्लग बदलले, एकाने टाकी धुतली, तिसऱ्याने पेट्रोल पंपावर खापर फोडलं. तिघांचंही एक वाक्य मात्र अगदी सारखं होतं, ‘लाईट नाही ना लागत? मग मोठं काही नाही.’ आणि आम्ही पैसे मोजत राहिलो.

श्रावणातल्या एका रात्री गावातल्या एका पोरीला कळा सुरू झाल्या. पाऊस मी म्हणत होता. तिला घेऊन आम्ही भंडाऱ्याकडे निघालो आणि वरठीच्या अलीकडे गाडीने मान टाकली. अंधार, पाऊस, पोरीचं कण्हणं आणि समोर स्वच्छ, काळाभोर, एकही तक्रार नसलेला डॅशबोर्ड! १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका आली, पोर वेळेत पोहोचली. मायलेकी सुखरूप आहेत. पण रस्त्यावरची ती पाऊण घटका आठवली की अजूनही माझ्या हातापायांतलं बळ जातं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून भंडाऱ्याला नेली. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीभाऊंनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी एकच प्रश्न विचारला, “गाडी चालू न करता नुसती चावी फिरवली, तर इंजिनची लाईट लागते का?”

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. हे कधी कुणी पाहिलंच नव्हतं!

चावी फिरवली. बॅटरीचा दिवा लागला, ऑइलचा लागला, हँडब्रेकचा लागला. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा तेवढा अंधारात. भाऊंनी समोरचा मीटर उघडला. त्या दिव्याच्या जागेवर आतून काळ्या चिकटपट्टीचा एक इवलासा तुकडा लावलेला! गाडी विकण्याआधी कुणीतरी तिच्या तोंडाला पट्टी लावून ठेवली होती.

मग त्यांनी स्टिअरिंगच्या खाली हात घातला. तिथे सोळा टाचण्यांचं एक सॉकेट असतं. त्याला स्कॅनर जोडला, तर गाडी अशी घडाघडा बोलायला लागली की विचारू नका. कॉम्प्युटरने सगळं नीट नोंदवून ठेवलं होतं. पहिलाच कोड होता ‘पी ०३०२’, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर पेटेना, म्हणजे चारातला एक ठोका रिकामा. मैत्रिणींनो, मावशी काय म्हणाली होती? ‘चौथा ठोका चुकून राहिली!’

दोष होता तो ठिणगी देणाऱ्या कॉइलचा. वेळीच बदलली असती तर थोडक्यात भागलं असतं. पण न जळलेलं पेट्रोल सहा महिने धुराच्या नळीत जात राहिलं. त्या नळीत धूर शुद्ध करणारं एक जाळीदार भांडं असतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात त्याला. पेट्रोल तिथे जाऊन जळतं, भांडं तापून लाल होतं आणि आतली जाळी वितळते. आमची तशी वितळली आणि धुराची वाट तुंबली. म्हणून गाडी बंद पडली. कॉइलच्या कितीतरी पट खर्च त्या भांड्याला आला. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणतो कसा, “तुम्ही विचारलं कुठे होतं?”

राग त्याचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही खरंच विचारलं नव्हतं. दिवा लागत नाही एवढंच सगळे बोलत होते. दिवा लागू शकतो का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे गाड्यांचं प्रकरण बायकांच्या पुरवणीत कशाला? तर अशासाठी, की आता गाडी आपल्याही दारात उभी आहे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ नियमांच्या आहेत, त्यामुळे मुलीला कॉलेजला नेणाऱ्या स्कूटीवरही हा पिवळा दिवा आलाय. पोरांच्या शाळेची व्हॅन आहे, गटाची गाडी आहे. बसतो आपण, पैसे भरतो आपण, मग समजून घ्यायला लाजायचं कशाला? मी त्या मिस्त्रीभाऊंकडून जे शिकले, ते भाजीची कृती सांगावी तितक्या सोप्या शब्दांत सांगते.

चावी ‘ऑन’ करा, पण इंजिन सुरू करू नका. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. तो स्वतःची हजेरी देतो. इंजिन सुरू झालं की थोड्या वेळात तो विझला पाहिजे. हजेरी दिली आणि विझला, तर दिवा शाबूत. हजेरीच दिली नाही, तर बल्ब गेलेला असेल, फ्यूज उडालेला असेल, वायर तुटलेली असेल, नाहीतर आमच्यासारखी पट्टी असेल. अशा वेळी ‘लाईट नाही म्हणजे बिघाड नाही’ हे म्हणणं म्हणजे मुक्या माणसाला विचारायचं, काही दुखतंय का, आणि तो बोलला नाही म्हणून डॉक्टरकडे न्यायचं नाही!

इंजिन सुरू झाल्यावरही दिवा तसाच राहिला, तर लवकरात लवकर तपासून घ्या. आणि चालत्या गाडीत तो उघडझाप करायला लागला, तर बाजूला घेऊन थांबा. त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच, की पेट्रोल न जळता पुढे जातंय आणि ते भांडं धोक्यात आहे.

बरं, दिवा हजेरी देऊन विझतो आणि तरीही गाडी कुरकुरते, असंही होतं. त्याची कारणं वेगळी. पहिलं म्हणजे, कॉम्प्युटर सगळीकडे बघत नाही. ब्रेकचे पॅड झिजले, टायर गुळगुळीत झाले, क्लच घसरतोय, पट्टा सैल झालाय, यासाठी इंजिनचा दिवा लागत नाही. ते डोळ्यांनी आणि हातांनीच पाहावं लागतं. दुसरं, बरेच बिघाड एकदा दिसले की लगेच दिवा लागत नाही. पुढच्या फेरीतही तेच दिसलं तरच लागतो. तोवर ते कॉम्प्युटरच्या वहीत कच्च्या नोंदीत असतात आणि स्कॅनरला दिसतात. तिसरं कारण लबाडीचं. विकण्याच्या आदल्या दिवशी स्कॅनरने सगळ्या नोंदी पुसून टाकतात, किंवा जुन्या गाडीत बॅटरीची वायर काढून तेच साधतात. पाटी कोरी! दिवा विझलेला, गिऱ्हाईक खूश. गाडी थोडी चालली की दुखणं पुन्हा वर येतं. स्कॅनर लावला तर ‘आतल्या चाचण्या अजून पूर्ण झालेल्या नाहीत’ असं दिसतं. तसं दिसलं, की समजावं पाटी नुकतीच पुसलीय.

आणखी एक चलाखी भाऊंनी सांगितली, ती ऐकून मी थक्कच झाले. इंजिनच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून देतात. मग चावी फिरवली की दोन्ही दिवे लागतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझतात. हजेरी खोटी! म्हणून जुनी गाडी घेताना नुसती चावी फिरवून थांबू नका. आपला मिस्त्री, आपला स्कॅनर घेऊन जा. आणि थंड इंजिन स्वतः सुरू करून, चढावर नेऊन, मागे बसून ऐका. विकणारा ‘काही गरज नाही ताई’ म्हणाला, तर गरज नक्की आहे असं समजा.

यात फक्त जुन्या गाड्यांचे छोटे व्यापारीच असतात असंही नाही बरं का! टवेरा गाडी आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडात किती पाहिली आपण. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ ते २०१३ या काळात बनवलेल्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, कारण धुराच्या तपासणीत गडबड केल्याचं उघड झालं होतं. पुढे २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण जगभर गाजलं. त्यांच्या डिझेल गाड्यांतल्या कॉम्प्युटरला आपली तपासणी चालू आहे हे ओळखता यायचं! तपासणीपुरता धूर स्वच्छ, रस्त्यावर आली की घाण. समोर दिवा लागायचा प्रश्नच नव्हता, कारण कॉम्प्युटरलाच गप्प राहायला शिकवलेलं. आपल्याकडे पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने त्या गाड्यांची चाचणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत घेण्याचं जाहीर केलं.

आणि ही लबाडी सापडली कशी, ठाऊक आहे? अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांनी गाडी प्रयोगशाळेत उभी न ठेवता तिच्यात यंत्रं बसवली, आणि खऱ्याखुऱ्या रस्त्यावर शेकडो मैल फिरवली. म्हणजे आमच्या मावशीने जे केलं तेच! गाडीत बसून, ती चालताना काय करते ते पाहिलं. मावशीकडे यंत्र नव्हतं, कान होता.

त्या मावशीचीच पुढची गोष्ट सांगते, मग तुम्हाला कळेल मी एवढी का बोलतेय. गाडीच्या प्रकरणानंतर महिनाभराने गावात आरोग्य शिबिर होतं. गटातल्या सगळ्यांनी रक्त तपासायचं असं ठरलं. मावशी येईनाच. “मले काय झालं बाप्पा? मी ठणठणीत आहो.” जबरदस्तीने नेली. बाईच्या अंगात निदान बारा तरी रक्त असावं, मावशीचं निघालं सात! कित्येक महिने तिला धाप लागत होती, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती, मागावर बसून छाती धडधडायची. गाडीचा चुकलेला ठोका ऐकणाऱ्या या बाईने स्वतःचे चुकणारे ठोके कुणालाच सांगितले नव्हते. मी रागावले, “मावशी, बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “कोणी पुसलंच नाही वो बाई.”

‘तुम्ही विचारलं कुठे होतं?’ व्यापाऱ्याचं ते वाक्य पुन्हा कानात वाजलं. या वेळी मात्र रागवायला समोर कुणी नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तिच्यात आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! या सगळ्या कण्हत पडलेल्या नव्हत्या. धान रोवत होत्या, स्वयंपाक करत होत्या, माग चालवत होत्या. घरच्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, ‘ती कधी तक्रार करत नाही.’ आणि हे कौतुकाने सांगितलं असतं. तक्रार न करणारी सून, तक्रार न करणारी आई. तिच्या तोंडावरची पट्टी कुणी लावली, आणि केव्हा, हे तिलाही आठवत नाही. आपण मात्र दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त.

आपण भंडारा जिल्ह्याच्या बायका. धोक्याची खूण वेळेत मिळाली नाही तर काय होतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या त्या रात्री जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. धूर दिसला तो कामावरच्या परिचारिकेला. सात बाळं वाचली, दहा गेली. त्या आयांची आठवण झाली की ‘आतापर्यंत काही झालं नाही ना’ हे वाक्य उच्चारायचीही मला भीती वाटते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कुठलाही दिवा, कुठलीही घंटा, आधी स्वतः लावून, वाजवून बघायची. ती गप्प आहे याचा अर्थ लावायचा तो त्यानंतर. आणि हे करायला मिस्त्री व्हावं लागत नाही.

शाळेच्या गाड्यांचंच घ्या. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूलबससाठी वेगळे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही असतो. किती आयांना आपल्या शाळेतल्या या समितीत कोण आहे ते ठाऊक आहे? मी चार जणींना विचारलं, चौघींनाही समिती असते हेच माहीत नव्हतं. शाळेत जाऊन विचारा. नसेल तर करायला लावा. असेल तर बैठकीत म्हणा, ‘व्हॅनची चावी आमच्यासमोर फिरवा, दिवे बघायचेत.’ ड्रायव्हरदादा हसतील, हसू दे. पीयूसीची पावती आहे म्हणतील. ती पावती धुराबद्दल सांगते, ब्रेकबद्दल नाही, हे त्यांना शांतपणे सांगा.

घरी स्कूटी असेल तर आज संध्याकाळीच मुलीला अंगणात बोलवा आणि दोघी मिळून चावी फिरवून बघा. आणि जुनी गाडी घेताना ‘पुरुष माणसं बघतील’ असं म्हणून मागे उभ्या राहू नका. आमच्याकडे तीन पुरुष माणसांनी पाहिलं होतं बरं!

आमच्या गटात आता नियम केलाय. गाडी निघण्याआधी भाचा चावी फिरवून थांबतो आणि मागून सगळ्या जणी दिवे मोजतात. इंजिनचा लागला की मगच सुरू. गटाच्या बैठकीचीही सुरुवात बदललीय. पूर्वी पहिला विषय हप्त्यांचा असायचा. आता आधी प्रत्येकीला विचारतो, ‘तुझं काय दुखतंय?’ पहिल्या दोन बैठकांना सगळ्यांचं एकच उत्तर होतं, ‘काही नाही.’ तिसऱ्या बैठकीत मात्र एकीने सांगितलं, मग दुसरीने. त्या दिवशी हप्त्यांचा विषय राहूनच गेला.

मावशीच्या गोळ्या चालू आहेत. रक्त नऊवर आलंय. परवा नागपूरच्या फेरीला ती पुढच्या सीटवर बसली होती. मोहाडीच्या पुढे गेल्यावर तिने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “थांब रे, उजव्या बाजूच्या मागच्या चाकात काही तरी घासून राहिलं.”

भाच्याने समोर पाहिलं. एकही दिवा लागलेला नव्हता. त्याने काही न बोलता गाडी बाजूला घेतली.